नवा स्टिरिओ बसवल्यापासून पार्किंग लाइट लावले की फ्यूज उडतो. कशामुळे?

बहुधा स्टिरिओमागची नारिंगी, म्हणजे इल्युमिनेशनची (स्टिरिओच्या डिस्प्ले-बटणांच्या प्रकाशाची) वायर बॉडीला किंवा काळ्या अर्थिंगला चिकटली आहे. तिच्यात पार्किंग लाइट लावल्यावरच 12 व्होल्ट येतात, म्हणून एरवी गाणी बिनबोभाट वाजतात. ती सोडवून उघड्या टोकाला टेप मारा. मग फ्यूजच्या जागी 21 वॉटचा बल्ब जोडून लाइट लावा: पूर्ण प्रखर पेटला तर शॉर्ट अजून आहे, मंद पेटला तर गेला. मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. पार्किंगचे बल्ब थंड असताना तो शॉर्ट नसतानाही वाजतो. मात्र नारिंगी हा स्टिरिओच्या बाजूचा रंग झाला, गाडीच्या बाजूचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात. आणि 10 अँपिअरच्या जागी 20 चा फ्यूज तर मुळीच नको, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.