फोर्कलिफ्टचा अलार्म : मोठा हवा की ओळखू येणारा?

प्रश्न : मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या गोदामात सुपरवायझर आहे. आमच्या बॅटरीवरच्या दोन फोर्कलिफ्ट शेडमध्ये आणि डिझेलची एक बाहेर, ट्रक भरण्याच्या धक्क्यावर चालते. गेल्या महिन्यात रॅकच्या कोपऱ्यावर पॅकिंगच्या एक बाई रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या गाडीपासून थोडक्यात वाचल्या. अलार्म वाजत होता, पण "आवाज कुठून येतोय तेच कळलं नाही", असे त्या म्हणाल्या. मालकांच्या मते ११२ डेसिबलचे सर्वांत मोठे अलार्म घ्यावेत. पुरवठादार निळ्या दिव्यांचा आग्रह धरतो. आम्ही काय घ्यावे?

उत्तर : त्या बाईंचे वाक्य आपण मालकांना जसेच्या तसे सांगावे, कारण खरेदीचा निर्णय त्यातच आहे. आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. कमी पडली ती दिशा. आवाज दोन्ही कानांपर्यंत वेळेच्या किती अंतराने आणि किती कमी-अधिक तीव्रतेने पोहोचतो, यावरून आपला मेंदू त्याची जागा ठरवतो. नेहमीच्या 'पीं-पीं' अलार्ममध्ये जवळजवळ एकच स्वर असतो, आणि तो पत्र्याच्या छपरावर, लोखंडी रॅकवर आपटून चहूकडून येऊ लागला की मेंदूला ठरवायला पुरेसा आधार उरत नाही. त्याऐवजी अनेक कंपनसंख्या एकत्र असलेला, 'खश्श-खश्श' असा ऐकू येणारा ब्रॉडबँड अलार्म मिळतो. त्याची दिशा चटकन कळते आणि तो लांबवर कमी त्रास देतो. शेडमधल्या दोन्ही गाड्यांसाठी मी हाच निवडीन.

आता डेसिबलचे पाहू. धोक्याचा इशारा भोवतालच्या आवाजापेक्षा सुमारे १५ डेसिबलने मोठा असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून यंत्रे पूर्ण चालू असताना, माणसे जिथून ये-जा करतात त्या जागी ध्वनिमापकाने मोजणी करावी. समजा तिथे ७५ डेसिबल भरले, तर ९० पुरेसे झाले. अलार्मवर छापलेला आकडा मात्र बहुधा सुमारे एक मीटरवरचा असतो आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल उतरतात. म्हणजे एक मीटरवर १०२ असलेला अलार्म चार मीटरवर ९० भरेल. बंद शेडमध्ये तो इतकाही उतरत नाही. तेव्हा ११२ डेसिबलचा अलार्म पॅकिंगच्या टेबलाशेजारी दिवसभर वाजवणे हा तिथे बसणाऱ्यांवर अन्याय आहे. शिवाय सतत कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो, किंवा कोणीतरी त्याची वायर काढून ठेवतो. आपणही हे पाहिले असेल. भोवतालचा आवाज मोजून स्वतःची पातळी कमी-जास्त करणारे अलार्म थोडे महाग असतात, पण आपल्या शेडला तेच योग्य.

निळ्या दिव्याबाबत पुरवठादार बरोबर सांगतो. हा दिवा गाडीच्या पुढे किंवा मागे काही मीटरवर फरशीवर ठिपका टाकतो, त्यामुळे रॅकआडची गाडी दिसण्याआधी तिचा ठिपका कोपऱ्याबाहेर येतो. कानात प्लग घातलेल्या कामगारासाठी याचे महत्त्व फार आहे, आणि बॅटरीची गाडी आधीच जवळजवळ निःशब्द चालते. हिशेब मात्र करावा. ताशी १० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर कापते, म्हणजे पाच मीटर पुढे पडलेला ठिपका दोन सेकंदांहून कमी अवधी देतो. म्हणून कोपऱ्यांवर वेग कमी ठेवण्याचा नियम आणि बहिर्गोल आरसा हे दिव्यासोबतच हवेत. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिचे शेपूट बाहेर झुलते. बाजूला फरशीवर लाल रेघ टाकणारे दिवे त्यासाठी उपयोगी पडतात.

बाहेरच्या धक्क्यावर वडोदऱ्याच्या उन्हात निळा ठिपका पुसला जाईल. त्या डिझेल गाडीला केबिनच्या छतावर पिवळा चमकणारा दिवा आणि थोडा मोठा ब्रॉडबँड अलार्म द्यावा.

मागणी देण्यापूर्वी व्होल्टेज तपासावे. डिझेल गाडी बहुधा १२ व्होल्टची, तर बॅटरीच्या गाड्या ४८ किंवा ८० व्होल्टच्याही असतात. चालकाच्या डोक्यावरील संरक्षक चौकटीला भोक पाडू किंवा वेल्डिंग करू देऊ नये, त्याने ती कमकुवत होते, क्लॅम्पच वापरावेत. सगळे बसवल्यावर त्याच कोपऱ्यावर त्याच बाईंना उभे करून, गाडी सुरक्षित अंतरावर ठेवून, ती कोणत्या बाजूने येते आहे हे त्यांना डोळे मिटून सांगायला लावावे, आणि त्यांचे उत्तर चुकले तर अलार्मची जागा बदलावी.