भाऊ हो म्हणतोय, मग प्रोबेटवर साडेपाच लाख घालायचे का?

नमस्कार ताई,

मेल चांगला लांबलचक लिहिलात ते बरं झालं, अशा प्रकरणात बारीकसारीक गोष्टींवरच सगळं ठरतं. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताईंची आई आधीच गेली, वडील यंदा फेब्रुवारीत गेले. मुलुंड पूर्वेला 1988 साली घेतलेला वन बीएचके आहे, आजचा भाव साधारण 1.6 कोटी. वडिलांनी 2019 मध्ये स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहून ठेवलंय, रजिस्टर केलेलं नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा म्हणून, मामांचं नाव आहे. फ्लॅट ताईंना, 22 लाखांच्या एफडी आणि 14 लाखांचे शेअर्स न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाला, उरलंसुरलं दोघांत निम्मं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा मगच नाव लावू, वकील म्हणतात फ्लॅटच्या किमतीच्या 3 टक्के, म्हणजे 4.8 लाख, वर कोर्ट फी वेगळी, आणि मावसभावाने व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड पाठवलाय की प्रोबेट रद्द झालं. ताईंना दोन-तीन वर्षांत हा फ्लॅट विकून पुण्यात घर घ्यायचंय आणि वकिलाचे पैसे मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी साठवलेल्या फंडातून काढायचा विचार चाललाय.

फंडाला हात लावू नका, ते आधीच सांगून टाकतो. का ते पुढे येतंयच.

मावसभावाचा फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. भारतीय वारसा कायदा 1925 च्या कलम 213 मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांत हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी यांच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं, म्हणजे मृत्युपत्र तिथे केलेलं असेल किंवा त्यातली स्थावर मालमत्ता तिथली असेल तर. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे प्रोबेट लागणार आणि पलीकडे ठाण्यात नाही लागणार असा हा इंग्रजांच्या काळातला प्रकार इतकी वर्षं चालला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकलं. तुमचे वडील त्यानंतर गेले, त्यामुळे सक्ती हा मुद्दा तुमच्यापुरता संपलेला आहे. पण प्रोबेट रद्द झालेलं नाही हां, ज्याला हवं तो आजही हायकोर्टात अर्ज करू शकतो. रद्द झाली ती सक्ती.

सेक्रेटरींशी भांडू नका, त्यांच्याकडे बहुतेक जुनीच चेकलिस्ट असणार. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातल्या कलम 154ब-13 मध्ये मृत सभासदाचा हिस्सा मृत्युपत्राच्या आधारे, वारस दाखल्याच्या आधारे किंवा कुटुंबातल्या करारनाम्याच्या आधारे ट्रान्सफर करता येतो असं लिहिलंय. लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यू दाखला, मृत्युपत्राची प्रत, इंडेम्निटी बॉण्ड (पुढे काही नुकसान झालं तर भरून देईन अशी हमी) आणि भावाची ना हरकत, आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. तरी नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा.

आता खरा प्रश्न. सक्ती नाही, मग प्रोबेट घेऊन मिळतं काय? कोर्ट एवढंच सांगतं की हे मृत्युपत्र खरं आहे, नीट शुद्धीत केलेलं आहे, शेवटचं आहे. फ्लॅट वडिलांच्याच मालकीचा होता का वगैरे त्यात येत नाही. पण एकदा प्रोबेट मिळालं की ते सगळ्या जगावर बंधनकारक, उद्या भाऊ किंवा त्याची मुलं म्हणाली की सही बाबांची नाहीच, तर ऐकून घेणारं कोणी नाही. म्हणजे तुम्ही पैसे मोजणार ते भाऊ फिरू नये यासाठी. मग आधी हे बघायला हवं की भाऊ फिरायची शक्यता किती, आणि तीच शक्यता कमी पैशात बंद होते का.

तुमच्या मेलमधलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, "तो सध्या हो म्हणतोय, वहिनी म्हणाली बघू". यातलं सध्या आणि बघू हे दोन शब्द मला वकिलाच्या कोटेशनपेक्षा महत्त्वाचे वाटतात. भावाचं वाईट मनात आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण 36 लाख एकीकडे आणि 1.6 कोटी दुसरीकडे हा हिशोब आज ना उद्या त्याच्या घरात कोणीतरी मांडणार, आणि तो मांडला जाण्याआधी सही झालेली बरी.

म्हणून माझं मत असं की आधी भावाची सही, प्रोबेटचं नंतर बघू. सही म्हणजे रजिस्टर्ड रिलीज डीड, आपलं हक्कसोडपत्र. त्यात स्वच्छ लिहायचं की वडिलांचं अमुक तारखेचं मृत्युपत्र मला मान्य आहे, त्यानुसार फ्लॅट बहिणीचा आहे, आणि तरीही माझा काही हक्क निघत असेल तर तो मी तिच्या नावे विनामोबदला सोडतो. भावाबहिणीत विनामोबदला हक्कसोड असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प नाममात्र, 500 रुपये, रजिस्ट्रेशनची फी वेगळी आणि ड्राफ्टिंगची वेगळी, पण सगळं मिळून प्रोबेटच्या जवळपासही जात नाही. मृत्युपत्राचा उल्लेख मात्र गाळू देऊ नका, तो असला की भावाला फ्लॅट कधी मिळालाच नव्हता हे स्पष्ट राहतं, नाहीतर अमेरिकेत त्याला बहिणीला गिफ्ट दिली का असा प्रश्न येऊ शकतो. त्याने तिकडच्या सीपीएला, म्हणजे टॅक्सचं बघणाऱ्याला, एकदा ड्राफ्ट दाखवावा.

दिवाळीत तो येणार असेल तर सब रजिस्ट्रारकडे दोघांनी जाऊन करून टाका, सगळ्यात सोपं. येणार नसेल तर न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधून पॉवर ऑफ अॅटर्नी अटेस्ट करून मागवावी लागेल, आणि ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे स्टॅम्प करून घ्यायची. हे लोक हमखास विसरतात.

आता एफडी. तुम्ही विचारलंय की एफडीवर माझंच नॉमिनेशन आहे तर ते पैसे माझेच ना, त्यातूनच वकिलाची फी देऊ का. नाही ताई, ते पैसे भावाचे आहेत. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे ते नाव, मालक तो जो मृत्युपत्रात किंवा वारसा कायद्यात बसतो. शेअर्सबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती यझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालात पुन्हा हेच सांगितलं, आणि बँकेच्या ठेवींबद्दल तर ते आधीपासूनच तसं होतं. बँक तुम्हाला 22 लाख देईल, काही प्रश्न न विचारता देईल, पण ते तुम्ही भावासाठी सांभाळताय असं समजा. तुम्ही एकीकडे मृत्युपत्र दाखवून फ्लॅट मागणार आणि दुसरीकडे त्याच मृत्युपत्रात त्याला दिलेली एफडी नॉमिनेशन दाखवून ठेवून घेणार, हे कोर्टात तर टिकणार नाहीच पण जेवणाच्या टेबलावरही टिकणार नाही. उलट क्लेम करून पैसे लगेच त्याच्या एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्याचं इथलं रुपयांतलं खातं) टाका आणि मेलवर पोच घ्या. वहिनीचं बघू यानेच निम्मं विरघळेल असं मला वाटतं.

फक्त एक जपा, एफडीचे पैसे हे रिलीज डीडमध्ये मोबदला म्हणून लिहिले जाता कामा नयेत. ते त्याला मृत्युपत्राने मिळालेत, हक्क सोडल्याबद्दल नाही. डीडमध्ये मोबदला आला की नाममात्र स्टॅम्प जाऊन पूर्ण ड्यूटी लागते. टायपिस्टने जुन्या डीडवरून कॉपी पेस्ट केलेलं असतं, त्यात असली वाक्यं राहून जातात, तेव्हा प्रत्येक ओळ वाचून मगच सही.

शेअर्सवर नॉमिनी भाऊच आहे म्हणता, ते सरळ आहे, त्याला एनआरओला जोडलेलं डीमॅट लागेल इतकंच. सहकारी बँकेतलं तीन लाखांचं बिननॉमिनीचं खातं तुम्हाला डोकेदुखी वाटतंय पण रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांप्रमाणे सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंत सोप्या कागदांवर क्लेम द्यायचा आहे, आणि कागद पूर्ण झाल्यावर 15 दिवसांत. बँक ऐकेना तर या निर्देशांचा उल्लेख करून लेखी तक्रार द्या.

बरं, आता भावाने सहीला टाळाटाळ केली तर? तर मग मी स्वतः म्हणेन की प्रोबेट टाका, आणि लगेच टाका, कारण तुमचे दोन साक्षीदार आहेत त्यातले वडिलांचे ऑफिसातले मित्र ऐंशीचे आहेत. मृत्युपत्र सिद्ध करायला दोनपैकी एक साक्षीदार तरी लागतो, दोघेही गेले की हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधत बसावं लागतं. खरंतर भाऊ सही करो न करो, या काकांचं आणि दुसऱ्या साक्षीदार डॉक्टरांचं नोटराइज्ड अॅफिडेविट याच महिन्यात करून घ्या, की आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही. कोर्टात वेळ आली तर त्यांना पुन्हा सांगावं लागेल, पण हातात काहीतरी असेल. खर्च किरकोळ आहे आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निकडीची गोष्ट हीच आहे. आणि मृत्युपत्राची ओरिजिनल कोणालाही देऊ नका, सोसायटीला नाही, वकिलालाही पावतीशिवाय नाही. प्रोबेटचा अर्ज अगदीच लांबवत नेऊ नये, तीन वर्षांच्या पुढे गेलात तर उशीर का झाला याचा खुलासा द्यावा लागतो.

प्रोबेटचा खर्च किती ते वकिलाच्या तोंडून ऐकून घाबरू नका. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला 75,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे, मुंबईतला कुठलाही फ्लॅट ती मर्यादा गाठतोच, मग तो 1.6 कोटींचा असो की 16 कोटींचा. वकिलाचं कामही तसंच, अर्ज, मालमत्तेची यादी, साक्षीदाराचं अॅफिडेविट, भावाचं संमतीचं अॅफिडेविट, हे फ्लॅट महाग असला म्हणून जास्त होत नाही. मग टक्केवारी कशाची? बिनविरोध प्रोबेट दीड-दोन लाखांत लम्पसम करणारे वकील मुंबईत मिळतात, दोन-तीन जणांकडून लेखी कोटेशन घ्या, आणि पैसे टप्प्याटप्प्याने, थोडे अर्ज दाखल करताना, थोडे कोर्टाच्या ऑफिसने काढलेल्या त्रुटी दूर झाल्यावर, उरलेले प्रोबेट हातात आल्यावर. भावाने कॅव्हिएट, म्हणजे कोर्टात हरकत, टाकलं तर फी किती होईल तेही आत्ताच लिहून घ्या, कारण मग अर्जाचा दावा होतो आणि वर्षानुवर्षं चालू शकतो. बिनविरोध असेल तरी सहा महिने ते वर्ष धराच, कधी त्याहून जास्त.

तुमच्या वकिलांनी दुसरा पर्याय दिलाय ना, की आता काही देऊ नका, फ्लॅट विकला की 3 टक्के द्या, तो तर अजिबात नको. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा ठरवायला मनाई आहे. गोड वाटतं ऐकायला, पण तीन वर्षांनी फ्लॅट 1.9 कोटींना गेला तर फी 5.7 लाख होते, काम तेवढंच.

आणि आता फंडाचं. प्रोबेट करावंच लागलं तर त्याचा खर्च कायद्याने वडिलांच्या मालमत्तेतून निघतो, कलम 321 प्रमाणे अंत्यविधीच्या खर्चानंतर त्याचाच नंबर लागतो. तो एकट्या तुमच्या खिशातून जाण्याचं कारण नाही, सहकारी बँकेतले तीन लाख दोघांचे आहेत, तिथून द्या, एक्झिक्युटर मामाच आहेत, त्यांच्या सहीने आणि भावाला आधी सांगून. मुलीच्या फंडातले 4.8 लाख नुसते 7 टक्क्यांच्या एफडीत राहिले तरी पाच वर्षांत पावणेसात लाखांच्या आसपास जातात, तिच्या अॅडमिशनला तेच लागणार आहेत.

विक्रीच्या बाजूने एकच खर्च मी आज करायला सांगेन. फ्लॅट घेणारा बहुतेक होम लोनवर घेणार, म्हणजे खरा परीक्षक त्याच्या बँकेचा पॅनेल वकील, आणि त्यातले बरेचजण मुंबईचा फ्लॅट दिसला की अजून सवयीने प्रोबेट मागतात. तेव्हा अशा बँकेचं टायटल सर्चचं काम करणाऱ्या वकिलाकडून लेखी मत घ्या की मृत्युपत्र अधिक रजिस्टर्ड रिलीज डीड यावर तो क्लिअर टायटल, म्हणजे मालकीत अडचण नाही असं मत, देईल का. दहा-पंधरा हजारांत होईल. तो हो म्हणाला तर तुमचे चार-पाच लाख वाचले. नाही म्हणाला तर बिनविरोध प्रोबेट लम्पसम फीमध्ये आत्ताच सुरू करा, विकायला काढाल तोवर हातात येईल, आणि भावाची सही तेव्हा तरी लागणारच आहे, त्यामुळे ती आधी घेतलेली काही वाया जात नाही.

टॅक्सचं लांबण लावत नाही. वारसाने मिळालं त्यावर टॅक्स नाही. विकताना वडिलांची 1988 ची खरेदी तुमची धरली जाते, 1 एप्रिल 2001 चा भाव घेता येतो, त्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून ठेवा. पुण्यात घर घेताय तर कॅपिटल गेनमध्ये बरीच सूट बसेल. वडिलांचं शेवटचं रिटर्न वारस म्हणून भरायचं राहिलंय असं दिसतंय तुमच्या मेलवरून, ते मात्र मुदतीत भरा.

भावाशी बोलणं झालं की रिलीज डीडचा ड्राफ्ट मला पाठवा, मोबदल्याचं कलम मी बघून देतो.