टोल्किन, नार्निया वगैरे अभिजात फँटसीवरची विद्यापीठीय व्याख्यानं मोफत कुठे ऐकता येतील? सुरुवात कुठून करावी?

मोफत व्याख्यानं भरपूर आहेत. नवखा माणूस मात्र बहुतेक वेळा त्यातली सगळ्यात लांब मालिका आधी उघडतो आणि थोड्याच दिवसांत सोडून देतो.

ती मालिका म्हणजे टोल्किनचे अभ्यासक कोरी ऑल्सेन यांची ‘एक्सप्लोरिंग द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. २०१७ साली सुरू झाली, शेकडो भाग झाले, कारण ते ओळीओळीवर थांबतात. कादंबरी दोनदा वाचलेल्याला त्यात मजा आहे, पहिल्यांदा वाचणाऱ्याचा धागा तुटतो. ऑल्सेनच ऐकायचे असतील तर त्यांच्या सिग्नम या ऑनलाइन विद्यापीठाच्या मिथगार्ड अकॅडमीचे वर्ग घ्या. एका वर्गात एकच पुस्तक, आणि त्याला शेवट असतो. सिग्नमचे पदवीचे अभ्यासक्रम सशुल्क आहेत, अकॅडमी मोफत आहे. नावं शेजारी दिसतात म्हणून गोंधळ होतो.

माझ्या मते सुरुवात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पॉडकास्ट संकेतस्थळावरून करावी. तिथे फँटसी साहित्यावर आणि टोल्किनवर वेगवेगळ्या मालिका आहेत आणि भाग उतरवून घेता येतात. शिवाय पेम्ब्रोक कॉलेजात (टोल्किन तिथे फेलो होते) २०१३ पासून त्यांच्या नावाचं फँटसीवरचं व्याख्यान होतं. त्यातलं प्रत्येक स्वतंत्र असल्यामुळे क्रमाची चिंता नाही. २०१७ मध्ये फँटसी लेखिका सुसान कूपर बोलल्या, २०२१ मध्ये फँटसी लेखक गाय गॅव्हरिएल के.

आता ऐकायचं कसं. पुस्तक आधी, व्याख्यान नंतर. प्राध्यापक शेवट सांगून टाकतात, विद्यार्थ्यांनी वाचलंय असं धरूनच ते बोलतात. पान क्रमांकावर विसंबू नका, आवृत्तीगणिक पानं बदलतात. प्रकरणाचा क्रमांक टिपा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये इथेच फसगत होते: खंड तीन, पण ‘पुस्तकं’ सहा. वक्ता ‘पुस्तक दुसरं, प्रकरण दुसरं’ म्हणाला तर दुसरा खंड काढू नका. ते ‘एलरॉन्डची सभा’ हे प्रकरण, पहिल्याच खंडाच्या उत्तरार्धात आहे.

यूट्यूबची आपोआप तयार होणारी सबटायटल्स एल्फ भाषेतल्या नावांचं पार भजं करतात. तिसऱ्या खंडाच्या शेवटची नामसूची उघडी ठेवा, कोणाबद्दल चाललंय ते लगेच कळतं. सव्वा पट वेग चालतो. जुन्या इंग्रजीतले उतारे वाचले जात असतील तेव्हा मात्र मूळ वेगावर या.

एका वेळी एकच व्याख्यान, आणि ऐकण्याआधी पुस्तकावर स्वतःची पानभर टिपणं. मिशिगन विद्यापीठाच्या एरिक रॅबकिन यांच्या कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षण संकेतस्थळावरच्या फँटसीच्या अभ्यासक्रमात (पहिल्यांदा २०१२) प्रत्येक टप्प्यावर २७० ते ३२० शब्दांचा निबंध मागत आणि तो सहविद्यार्थीच तपासत. ही मर्यादा उसनी घ्या. एवढ्या जागेत कथानक सांगत बसलात तर मुद्द्याला जागाच उरत नाही, म्हणून ती कामाची आहे.

पुस्तकं विकत घ्यायची नसतील तर टोल्किनच्या आधीच्या फँटसी लेखकांपैकी जॉर्ज मॅकडोनल्डचं ‘फँटॅस्टीझ’ (१८५८) किंवा विल्यम मॉरिसचं ‘द वेल अ‍ॅट द वर्ल्ड्स एंड’ (१८९६) प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर आहे. मॉरिसची भाषा मुद्दाम जुनाट आहे, आधी मॅकडोनल्ड घ्या. टोल्किनचं स्वतःचं ‘ऑन फेअरी-स्टोरीज’ हे १९३९ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेलं व्याख्यान छापील रूपात अवश्य वाचा. पुढचे बहुतेक वक्ते त्याच्याशी सहमत होतात किंवा भांडतात, आणि ते न वाचता अर्धे संदर्भ डोक्यावरून जातात.

आणि फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांची ब्रिगम यंग विद्यापीठातली व्याख्यानं शोधात हमखास वर येतील. चांगली आहेत, पण विषय फँटसी कशी लिहावी हा आहे. अभिजात पुस्तकांचा अभ्यास तिथे शोधू नका.