पेशंट आत येण्याआधी माणसं लाव

अगं, इमर्जन्सीत पेशंट येतोय असा फोन आला की बेडबरोबर माणसंही लाव. श्वासाकडे कोण, मॉनिटर कोण, औषधं कोण, लिहिणार कोण, हे मोठ्याने बोलून ठरव. नाहीतर स्ट्रेचर आलं की सगळे एकदम धावतात आणि ऑक्सिजनची नळी रिकाम्या सिलिंडरलाच राहते. मी हे पाहिलंय, अजून विसरले नाही.

पेशंट बेडवर घेतला, श्वास-नाडी ठीक असली, की अर्धा मिनिट सगळ्यांनी थांबून सोबत आलेल्याचं ऐकायचं: काय झालं, काय दिलं, कधी दिलं.

तोंडी सांगितलेला डोस परत म्हणून दाखव. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' गडबडीत सारखेच ऐकू येतात, म्हणून 'वन फाइव्ह' असे सुटे आकडे म्हण.

आणि आपलं सोलापूर! नातेवाईक बरेचदा कन्नड बोलणारे, नाहीतर तेलुगू. अक्कलकोटकडच्या आजींनी मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नकोस. ॲलर्जी विचारताना ती भाषा येणाऱ्या सिस्टरला किंवा मावशींना बोलावच, आणि घरच्या गोळ्यांची पिशवी उघडून बघ.

शंका आली तर "सर, एक मिनिट, डोस परत बघू या" असं तिथल्या तिथे म्हण. कुणी चिडलं तर मला हाक मार, मी येते.