जुन्या टू-स्ट्रोक जेट बोटीचं इंजिन जोरात नीट पळतं, पण आयडलला गचके खातं आणि थ्रॉटल सोडला की बंद पडतं. सुरुवात कुठून करू?

तुमचं इंजिन १९९० च्या दशकातलं, सी-डू कंपनीच्या बोटींमधलं दोन सिलिंडरचं रोटॅक्स आहे असं धरू: दोन मिकुनी कार्बोरेटर, आणि तक्रार फक्त आयडलला (थ्रॉटल सोडलेला असतानाच्या मंद वेगाला). एवढ्यावरून माझा पहिला संशय कार्बोरेटरच्या आयडल मार्गावर जातो. जोरात पळताना पेट्रोल देणाऱ्या मेन जेटचं भोक मोठं असतं, तिथला कचरा निघून जातो. आयडलला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक केसाएवढं, ते आधी तुंबतं. तरीही लगेच कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला घेऊ नका.

आधी दोन गैरसमज काढून टाकू. टू-स्ट्रोक आयडलला थोडं अडखळणारच. जळालेला वायू सिलिंडरमधून पुरता बाहेर पडत नाही, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि एखादा फेरा न पेटता जातो. त्यामुळे अगदी एकसारखा आवाज येण्याची वाट बघू नका. दुसरं, या बोटीला इंजिनपासून इंपेलर (पाणी मागे फेकणारा पंखा) वेगळा करणारं न्यूट्रल नसतं. इंजिन चालू म्हणजे इंपेलर फिरतोय, आणि पाण्यात त्याच्यावर भार येतो. ट्रेलरवर आयडल सेट केला तर पाण्यात उतरल्यावर इंजिन बंद पडणारच. बऱ्याच रोटॅक्सवर पाण्यात १५०० आरपीएम म्हणजे पाण्याबाहेर जवळपास दुप्पट.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या कॅप अर्थिंगच्या खुंट्यांवर बसवा (उघड्या ठेवल्या तर इग्निशन जळू शकतं), थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. १५० पीएसआयच्या आसपास आकडा आला तर तब्येत चांगली. १२० च्या खाली गेला, किंवा दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर कार्बोरेटर साफ करून काही होणार नाही. रिंगा आणि पिस्टन बघावे लागतील.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर नवे प्लग लावा, पाण्यात पाच मिनिटं फक्त आयडलला चालवा, इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. एक तपकिरी आणि दुसरा काळा-ओला निघाला, तर तो दुसरा सिलिंडर पेटतच नाहीये. प्लग आणि कॅप दोन्हीकडे अदलाबदल करा. दोष प्लग-कॅपबरोबर पलीकडे गेला तर स्पार्कचा प्रश्न, तिथेच राहिला तर त्या बाजूच्या कार्बोरेटरचा. कॅप वायरवर आट्याने बसते. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटीमीटर कापून पुन्हा घट्ट बसवा. प्लगवर गंजाचे ठिपके किंवा पाण्याचे थेंब दिसले तर वेगळंच दुखणं: पाणी आत जातंय.

पाणी आत जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे धुताना झालेली चूक. नळी जोडा, आधी इंजिन चालू करा, मग पाणी सोडा. बंद करताना आधी पाणी बंद, मग दोन-तीनदा रेस देऊन एक्झॉस्टमधलं पाणी उडवा, मग इंजिन बंद. क्रम उलटला की एक्झॉस्टमधून पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरतं.

कार्बोरेटर उघडलात तर पंपाच्या झाकणाखालची बारीक जाळी बघा. तिथे हिरवट, चिकट गाळ दिसला तर कार्बोरेटर कितीही साफ केलेत तरी काही आठवड्यांत पुन्हा तेच होणार. त्या काळातल्या सी-डूमध्ये राखाडी टेम्पो नळ्या असत; त्या आतून विरघळतात आणि हाच गाळ सोडतात. सगळ्या पेट्रोल नळ्या बदला, पेट्रोलचा सिलेक्टर व्हॉल्व्ह उघडून साफ करा, मगच कार्बोरेटरमधल्या डायफ्रॅम (रबरी पडदा) आणि नीडल-सीटचा नवा किट टाका. पायलट जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. जोडताना दोन्ही कार्बोरेटरच्या बटरफ्लाय (थ्रॉटलने उघडणाऱ्या चकत्या) एकाच क्षणी हलतात ना, हे डोळ्यांनी बघा. एक आधी उघडत असेल तर कितीही ट्यूनिंग केलंत तरी आयडल जागेवर येणार नाही.

थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता वरच रेंगाळत असेल, तर कुठून तरी हवा शिरतेय. अशा वेळी लो-स्पीड स्क्रू (आयडलचं मिश्रण ठरवणारा) उघडून मिश्रण रिच केलं, म्हणजे पेट्रोल वाढवलं, की इंजिन शांत होतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. मला हे सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण पूर्ण थ्रॉटलला मिश्रण लीनच (पेट्रोल कमी, हवा जास्त) राहतं आणि पिस्टन वितळतो. इनटेक, एक्झॉस्ट आणि पल्स नळीचं (क्रँककेसच्या दाबाने पेट्रोल पंप चालवणारी नळी) तोंड बंद करून क्रँककेसमध्ये ७ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: सिलिंडरच्या बुडाची गॅस्केट आणि क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची सील.

सेटिंग अगदी शेवटी. लो-स्पीड स्क्रू हलकेच टेकवा, मॅन्युअलमधल्या आकड्याएवढा उघडा (बहुतेकदा एक फेरा), इंजिन पाण्यात गरम करा आणि मग एका वेळी पाव फेराच फिरवा. इंजिन चालू करण्याआधी झाकण उघडं ठेवून ब्लोअर (इंजिनच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा पंखा) पाच मिनिटं चालवा. बोटीच्या तळाशी साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. कार्बोरेटर काढले होते म्हणजे इंजिनला तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाची केबलही हलली असणार. तिची खूण जुळवा, ब्लीड स्क्रूमधून हवा काढा, नाहीतर आयडल सुंदर लागेल आणि इंजिन तेलाविना जाम होईल.