'अंगावरून वारं गेलं' आणि स्ट्रोक

प्रश्न असा आहे: स्ट्रोक, पक्षाघात, अर्धांगवायू आणि लकवा हे एकाच आजाराचे चार शब्द आहेत का?

नाहीत. स्ट्रोक हे मेंदूत घडलेल्या घटनेचं नाव आहे, आपले जुने शब्द अंगावर दिसणाऱ्या परिणामाचे. 'अंगावरून वारं गेलं' यातलं वारं म्हणजे वात, 'अर्धांगवायू'तला वायूही तोच. 'पक्ष' म्हणजे बाजू, म्हणून पक्षाघात म्हणजे एका बाजूचा घात. इथलं अर्धं अंग उभं मोजायचं: उजवं किंवा डावं. मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग लुळं पडलं, तर तो अर्धांगवायू नव्हे.

लकवा अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ फक्त तोंड वाकडं होणं. अर्धं अंग लुळं पडण्याला 'फालिज' म्हणतात. मराठीत मात्र लकवा हा शब्द कुठल्याही लुळेपणाला चिकटला. जुना अर्थ मला मोलाचा वाटतो, कारण चेहऱ्याची नस दुखावली की त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळाला आठ्या पडत नाहीत. स्ट्रोकमध्ये ओठ ओघळतो, पण आठ्या सहसा पडतात. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात. (हा फरक डॉक्टरांनी तपासायचा, घरी आठ्या मोजत बसू नये.)

स्ट्रोक दोन तऱ्हांचा. बहुतेक वेळा गुठळीने रक्तवाहिनी बंद होते. काही वेळा ती फुटून रक्तस्राव होतो. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात घातक, म्हणून आधी सीटी स्कॅन.

हालचालीच्या आज्ञा नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून मेंदूच्या डाव्या भागातल्या स्ट्रोकने उजवं अंग जातं आणि बऱ्याचदा बोलणंही. 'लुळं पडणं' मात्र पहिल्या दिवसांचंच वर्णन आहे. पुढच्या काही आठवड्यांत स्नायू अनेकदा ताठरतात: कोपर दुमडतं, मूठ वळते, गुडघा ताठ राहून पाय बाहेरून गोल फिरवत टाकावा लागतो. तोल सांभाळणाऱ्या छोट्या मेंदूतल्या स्ट्रोकमध्ये तर ताकद शाबूत राहूनही तोल जातो. तिथे अर्धांगवायू म्हणणं चूकच. फक्त लुळं अंग शोधणाऱ्यांना हा स्ट्रोक ओळखूच येत नाही.

'झटका आला' हेही मोघम, कारण हृदयविकारालाही झटका म्हणतात आणि फिट येण्यालाही. दवाखान्यात फोन करताना 'उजवा हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय' असं सांगावं. 'सकाळी उठल्यावर दिसलं' एवढंच नको, 'रात्री 10 वाजता ठीक होते' हेही सांगावं. गुठळी विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या वेळेपासून धरतात.