बाथरूम फोडायलोय, डायव्हर्टर घेऊ का वॉल मिक्सर?

प्रश्न: लातूरला जुनं बाथरूम नवीन करायलोय. पाणी बोअरचं, वर सोलर हाय. दुकानदार म्हणतो भिंतीतला डायव्हर्टर घ्या, प्लंबर म्हणतो वॉल मिक्सरच बरा. काय करू?

उत्तर: दादा, प्लंबरचं ऐका. दोन्हीचं काम एकच, गरम-थंड पाणी मिसळून नळाला नाहीतर शॉवरला सोडायचं. वॉल मिक्सर भिंतीबाहेर असतो, बिघडला की पान्यानं खोला न दुसरा बसवा. डायव्हर्टरची बॉडी भिंतीत गाडलेली, दिसायला झकास, पण बोअरच्या पाण्याचा बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो ना, तोच आतल्या कार्ट्रिजवर (हँडलमागचा, पाणी चालू-बंद करणारा भाग) बसतो, मग हँडल जड जातं नाहीतर शॉवर रात्रभर टिपटिप गळतो. कार्ट्रिज समोरून निघतं, टाईल फोडायची गरज नाही, फक्त त्याच मॉडेलचं लागतं, म्हणून बिल जपून ठेवा.

डायव्हर्टर घ्यायचाच असेल तर बॉडी बसवताना स्वतः उभं राहा. आमच्याकडं मिस्त्रीनं ती फारच आत दाबली, वरची प्लेट बसेना, शेवटी नव्याकोऱ्या दोन टाईल फोडल्या!

थर्मोस्टॅटिक मिक्सरच्या नादी लागू नका. तो पाणी 38 डिग्रीवर धरून ठेवतो हे खरं, पण बऱ्याच मॉडेलला प्रेशर चांगलं लागतं. पाण्याच्या 10 मीटर उंचीला 1 बार (बार म्हंजे प्रेशरचं माप), म्हंजे टाकीतलं पाणी शॉवरच्या 3 मीटर वर असलं तर जेमतेम 0.3 बार.

आणि गरम-थंड दोन्ही लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) टाकून घ्या, नाहीतर एका लाइनचं पाणी मिक्सरमधून दुसरीत घुसतं न सोलर असून कोमट पाण्यानं आंघोळ.